नळीतून औषध : जबाबदारी कोणाची?

कोणत्याही मोठ्या सरकारी इस्पितळाच्या वॉर्डात सकाळी आठच्या सुमारास खलात बत्ता फिरल्याचा आवाज कानी येतो. पक्षाघाताने ज्याचे गिळणे गेले आहे, डोक्याला मार लागून जो बेशुद्ध आहे, तोंडाच्या वा घशाच्या कर्करोगाने ज्याचा अन्नमार्ग रोखला गेला आहे, क्षयाच्या मेंदूज्वराने जो ग्लानीत पडला आहे, अशा रुग्णांच्या नाकातून जठरापर्यंत एक नळी गेलेली असते. त्या नळीनेच त्यांना पेज मिळते, पाणी मिळते आणि औषधही मिळते. गोळी गिळता येत नाही, म्हणून ती कुटायची, पाण्यात कालवायची आणि सिरिंजने नळीत सोडायची. हे काम परिचारिका करते. पाहणाऱ्याला ते स्वयंपाकघरातल्या कामाइतके साधे वाटते. प्रत्यक्षात वॉर्डातील सर्वांत जोखमीच्या कामांपैकी ते एक आहे. आणि त्यात काही वावगे घडले की सर्वांची बोटे एकाच व्यक्तीकडे वळतात.

या बोट दाखविण्याला आता कायद्याचे बळ मिळाले आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ (१) प्रमाणे निष्काळजीपणाने मृत्यूस कारण होणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. वैद्यकीय उपचार करताना असे कृत्य नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाकडून घडले, तर मात्र ही कमाल शिक्षा दोन वर्षे आहे. हा व्यावसायिक कोण, याची व्याख्या त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात आहे : राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याने मान्य केलेली पदवी ज्याच्याकडे आहे आणि ज्याचे नाव वैद्यकीय नोंदवहीत आहे तो. परिचारिकेचे नाव नर्सिंगच्या नोंदवहीत असते. ती या व्याख्येत बसत नाही. जुन्या दंडसंहितेच्या कलम ३०४ (अ) मध्ये डॉक्टर आणि परिचारिका दोघांनाही कमाल शिक्षा दोनच वर्षांची होती. नव्या संहितेत डॉक्टरसाठी ती तेवढीच राहिली आणि त्याच डॉक्टरने लिहिलेली गोळी कुटून देणाऱ्या परिचारिकेसाठी ती अडीचपट झाली. डॉक्टरांना मिळालेल्या सवलतीबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. परिचारिका तीतून का वगळली गेली, एवढाच प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर शोधायचे, तर हे काम मुळात काय आहे आणि त्यात कोणाकोणाचे हात गुंतलेले आहेत, हे पाहावे लागते.

नळी जठरातच आहे याची खात्री, ही पहिली पायरी. नळी श्वासनलिकेत शिरली असेल, तर औषधही फुप्फुसात जाईल. सिरिंजने हवा सोडून पोटावर स्टेथोस्कोप लावायचा आणि बुडबुड्यांचा आवाज ऐकायचा, ही जुनी रीत अजून अनेक ठिकाणी चालू आहे. नळी फुप्फुसात असतानाही तसा आवाज येऊ शकतो, म्हणून ब्रिटनच्या रुग्णसुरक्षा यंत्रणेने २००५ सालीच या रीतीवर विसंबू नये असे बजावले. नळीतून थोडा द्रव ओढून त्याची आम्लता कागदी पट्टीने पाहावी आणि शंका असल्यास क्ष-किरण चित्र काढावे, हा मान्य मार्ग आहे. आम्ल कमी करणारी औषधे चालू असलेल्या रुग्णात ही पट्टीही फसवते. म्हणजे तेथेही परिचारिकेला स्वतःचा विवेक चालवावा लागतो. पण पट्टीच वॉर्डात नसेल, तर विवेक चालवायचा कशावर?

मग गोळी. सर्वच गोळ्या कुटण्यासाठी नसतात. काही गोळ्यांतून औषध बारा किंवा चोवीस तास हळूहळू सुटावे अशी त्यांची घडण असते. ती घडण बत्त्याखाली मोडली, की दिवसभराचे औषध एका दमात अंगात उतरते. अमेरिकेतील एका औषधशास्त्रीय नियतकालिकात २००३ साली प्रसिद्ध झालेली एक नोंद या बाबतीत वारंवार सांगितली जाते. रक्तदाबावरील निफेडिपिनची दीर्घप्रभावी गोळी, लॅबेटालॉल या दुसऱ्या औषधासह, कुटून एका महिलेला नाकातील नळीने दिली गेली. तिचे हृदय थांबले. डॉक्टरांनी प्रयत्नांनी ते पुन्हा सुरू केले. कारण कोणाच्याच ध्यानी आले नाही, आणि दुसऱ्या दिवशी तीच औषधे तशीच कुटून पुन्हा दिली गेली. या वेळी ती वाचली नाही. उत्तम साधनसामग्री असलेल्या देशात हे घडले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

अशा गोळ्या ओळखायच्या कशा? नावापुढे एसआर, ईआर, एक्सएल, सीआर, रिटार्ड अशी अक्षरे असतात, असे नर्सिंगच्या वर्गात शिकवितात. पण प्रत्येक कंपनीची अक्षरे निराळी, आणि काही नावांपुढे कसलीच खूण नसते. एकाच औषधाची असंख्य व्यापारी नावे बाजारात असलेल्या आपल्या देशात कोणती गोळी मोडावी आणि कोणती मोडू नये, हे पाठ करणे कोणाच्याही स्मरणशक्तीच्या बाहेरचे आहे. त्यातच सरकारी इस्पितळात साठा संपला, की नातेवाईक बाहेरच्या दुकानातून जे मिळेल ते घेऊन येतात. कालच्या पट्टीवर एक नाव, आजच्या पट्टीवर दुसरे.

दुसऱ्या प्रकारच्या गोळ्यांवर जठरातील आम्लाला दाद न देणारे आवरण असते. पँटोप्राझोलची गोळी हे त्याचे नेहमीचे उदाहरण. ती कुटली की औषध आम्लात नासते आणि आवरणाचे तुकडे नळीत अडकतात. तिसरा प्रकार परिचारिकेच्याच जिवावर उठणारा आहे. मेथोट्रेक्सेटसारखी पेशीनाशक औषधे कुटताना उडणारी भुकटी श्वासावाटे तिच्या अंगात जाते. ती गरोदर असेल, तर धोका गर्भालाही पोहोचतो. कारखान्यात असे रसायन हाताळणाऱ्या कामगाराला मुखवटा आणि हातमोजे मिळावेत म्हणून कायदा आहे आणि त्यासाठी संघटना भांडतात. वॉर्डातल्या खलाभोवती मात्र कोणी कारखाना निरीक्षक फिरकत नाही.

पातळ औषध मिळाले की प्रश्न सुटला असेही नाही. अनेक पातळ औषधांत गोडीसाठी सॉर्बिटॉल असते. ते फार झाले की जुलाब लागतात आणि दोष पेजेवर येतो. फिट्सवरील फेनिटॉइन पातळ रूपात मिळते, पण बाटली नीट हलविली नाही तर वरच्या थरात औषध कमी आणि तळाशी जास्त राहते. शिवाय नळीतील अन्नाबरोबर दिल्यास ते अंगात कमी शोषले जाते, म्हणून आधी आणि नंतर एक-दोन तास अन्न थांबवावे असा प्रघात आहे. तो पाळला नाही, तर औषध वेळेवर देऊनही रुग्णाला फिट येते आणि ‘डोस चुकला का?’ अशी विचारणा परिचारिकेकडे होते. सिप्रोफ्लॉक्सासिनचीही अन्नाशी अशीच फारकत ठेवावी लागते. नळीचे टोक जठरात नसून पुढे लहान आतड्यात असेल, तर हिशेब आणखी बदलतो : जठराच्या भिंतीवर काम करणारे सुक्राल्फेट तेथे सोडणे म्हणजे औषध वाया घालविणे.

आणि हे सारे औषध एकेक करून द्यायचे असते. सर्व गोळ्या एकत्र कुटायच्या नाहीत, अन्नात मिसळायच्या नाहीत. आधी पाण्याने नळी धुवायची, प्रत्येक औषधानंतर किमान पंधरा मिलिलिटर पाणी सोडायचे, शेवटी पुन्हा धुवायची. शिरेत टोचायच्या सिरिंजने हे कधी करू नये, कारण कामाच्या घाईत तोंडाचे औषध शिरेत जाण्याचा अपघात जगभर अनेकदा घडला आहे. एका मार्गाची सिरिंज दुसऱ्या मार्गाला बसूच नये अशी जोडणी त्यासाठी तयार झाली आणि २०१६ मध्ये तिचे आंतरराष्ट्रीय मानकही ठरले. माणसाच्या सावधपणावर भार न टाकता वस्तूच्या घडणीत सुरक्षितता आणणे हा या उपायाचा गाभा आहे, आणि म्हणूनच तो महत्त्वाचा आहे. पण वस्तू विकत घ्यावी लागते. ‘सावध राहा’ असे परिपत्रक काढायला काही खर्च येत नाही.

आता थोडे गणित. एका रुग्णाला सकाळी आठ औषधे आहेत असे समजू. प्रत्येक औषध स्वतंत्र कुटणे, कालवणे, सोडणे आणि नळी धुणे यांस अगदी हात चालवूनही तीन मिनिटे लागतात. नळीची जागा तपासून ती पहिल्यांदा धुण्यास चार मिनिटे. म्हणजे एका रुग्णामागे अठ्ठावीस मिनिटे. वॉर्डात असे तीन रुग्ण असतील, तर ८४ मिनिटे. पाण्याचाही हिशेब मांडावा. आरंभी आणि शेवटी तीस-तीस मिलिलिटर, मध्ये सात वेळा पंधरा, आणि प्रत्येक औषध पंधरा मिलिलिटरमध्ये कालविलेले, असे एका वेळी २८५ मिलिलिटर पाणी पोटात जाते. मूत्रपिंड किंवा हृदय निकामी झालेल्या रुग्णाला दिवसभरात मोजून पाणी द्यायचे असते. तेथे हे सारे तक्त्यावर लिहावे लागते आणि किती पाण्यात भागवायचे हे डॉक्टरांशी बोलून ठरवावे लागते.

ज्या परिचारिकेकडे चाळीस खाटा आहेत, जिला त्याच वेळात इंजेक्शने, सलाईन, शस्त्रक्रियेला जाणाऱ्या रुग्णाची तयारी आणि डॉक्टरांचा राउंड सांभाळायचा आहे, तिच्याकडे या ८४ मिनिटांपैकी किती असतात? ती आठही गोळ्या एकाच खलात टाकते, एकाच पेल्यात कालवते आणि एकदाच सोडते. याला अज्ञान म्हणता येणार नाही. योग्य रीत तिला पाठ असते. परीक्षेत तिने ती लिहिलेली असते. नळी बंद पडते ती अशाच सकाळी. मग कोमट पाणी, हलका दाब, पुन्हा पाणी. नाहीच उघडली तर नळी काढून नवी घालणे. नवी नळी पुष्कळदा नातेवाइकांना बाहेरून आणावी लागते. रुग्णाला पुन्हा यातना होतात आणि नळी फुप्फुसात जाण्याची जोखीम पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

नर्सिंगच्या पाठ्यपुस्तकांत औषध देण्याचे ‘पाच योग्य’ सांगितलेले असतात : योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. सूत्र चांगले आहे. पण पाचही गोष्टी औषध देणाऱ्या हाताशी येऊन थांबतात, आणि त्या हातापर्यंत औषध कोणत्या रूपात पोहोचले हा सहावा प्रश्न सूत्रात येत नाही. नळी असलेल्या रुग्णाच्या बाबतीत तोच पहिला प्रश्न आहे. त्याचे उत्तर परिचारिका ठरवीत नाही. केसपेपरवर औषध लिहिणारा डॉक्टर रुग्णाला नळी आहे हे पाहत असतो, तरी गोळी लिहितो. पर्याय म्हणून पातळ औषध किंवा पाण्यात विरघळणारी गोळी लिहिण्याची जबाबदारी त्याची आहे. खरेदीच्या यादीत काय असावे हे खरेदी यंत्रणा ठरविते. कोणते रूप बनवायचे हे कंपनी ठरविते, आणि ते मोडून द्यावे की नाही याची माहिती पट्टीवर ठळकपणे छापायची की नाही हेही तीच ठरविते. या सर्वांच्या निर्णयांचा शेवट खलात होतो.

मागणी निर्माण केली, तर रूप बदलते याचा पुरावा आपल्यासमोर आहे. लहान मुलांच्या क्षयावर फार काळ मोठ्यांच्याच गोळ्या मोडून दिल्या जात असत. आई तुकडा मोजी आणि मात्रा चुके. २०१५ च्या अखेरीस मुलांसाठी पाण्यात विरघळणाऱ्या, योग्य प्रमाणाच्या संयुक्त गोळ्या जगाच्या बाजारात आल्या, आणि भारताच्या राष्ट्रीय क्षय कार्यक्रमाने दैनंदिन उपचारपद्धतीबरोबर त्या स्वीकारल्या. याचे कारण शोधावे लागत नाही. एकगठ्ठा खरेदी करणारी सार्वजनिक यंत्रणा समोर उभी राहिली, म्हणून ते रूप बाजारात आले. नळीवर जगणारा प्रौढ रुग्ण कोणत्याच कार्यक्रमाचा लाभार्थी नाही. तो वॉर्डावॉर्डात विखुरलेला आहे, त्याची गणना नाही, म्हणून त्याच्यासाठी बाजारही नाही. तमिळनाडूने १९९४ साली आपले वैद्यकीय सेवा महामंडळ काढले आणि औषधखरेदी एका हाती आणली. महाराष्ट्राने २०२३ मध्ये कायद्याने खरेदी प्राधिकरण स्थापन केले. अशा यंत्रणांच्या निविदांत नेहमीच्या औषधांची पातळ आणि विरघळणारी रूपे, नळीसाठीच्या वेगळ्या सिरिंजा आणि आम्लतेच्या पट्ट्या यांची वेगळी ओळ असली पाहिजे.

या नळीला आपल्या देशात राइल्स ट्यूब म्हणतात, आणि वॉर्डाच्या बोलीत नुसते ‘आरटी’. जॉन राइल हे लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधील डॉक्टर. त्यांनी १९२१ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले. हेच राइल १९४३ साली ऑक्सफर्डमध्ये सामाजिक वैद्यकशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले आणि रोगाची कारणे माणूस जेथे राहतो व राबतो तेथे शोधावीत, असे सांगू लागले. नळी आपण घेतली. त्यांचे दुसरे काम क्वचितच कोणाला आठवते.

माणसे किती असावीत याचे निकष नाहीत असे नाही. अध्यापन इस्पितळात तीन खाटांमागे एक आणि इतर इस्पितळांत पाच खाटांमागे एक परिचारिका, हे इंडियन नर्सिंग कौन्सिलचे प्रमाण वर्षानुवर्षे कागदावर आहे. रात्रपाळीत संपूर्ण वॉर्ड एकटीकडे असणे, हा अनुभवही वर्षानुवर्षांचाच. परिचारिकांची संख्या आणि रुग्णाचा जीव यांचा संबंध आता वादाचा राहिलेला नाही. युरोपातील नऊ देशांच्या ३०० इस्पितळांतील चार लाखांहून अधिक शस्त्रक्रिया-रुग्णांचा अभ्यास २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला, एका परिचारिकेकडे एकेक रुग्ण वाढला, की तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सात टक्क्यांनी वाढते, असे त्यात आढळले. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९९९ मध्ये कायदा करून हे प्रमाण बंधनकारक केले आणि २००४ पासून ते अमलात आणले. परिचारिकांच्या संघटनांनी दीर्घकाळ लढा दिला, म्हणूनच तो कायदा झाला.

आपल्याकडेही लढे झाले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या जानेवारीत आदेश दिल्यानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने खाजगी इस्पितळांतील परिचारिकेला कोठेही वीस हजार रुपयांहून कमी वेतन असू नये आणि दोनशेहून अधिक खाटांच्या इस्पितळांत ते सरकारी वेतनाइतके असावे, अशी शिफारस केली. केरळच्या परिचारिकांनी संप आणि मोर्चे काढले, आणि २०१८ मध्ये तेथील सरकारने किमान वेतनाची अधिसूचना काढली. महाराष्ट्रात २०२२ च्या मे महिन्यात सरकारी परिचारिका बाह्यस्रोतांमार्फत भरती करण्याच्या विरोधात संपावर गेल्या. त्या संपाला वृत्तपत्रांनी वेतनाचा आणि नोकरीचा तंटा म्हटले; वॉर्डातील खलाशी त्याचा संबंध कोणी जोडला नाही. तो संबंध सरळ आहे. ठेक्यावरची परिचारिका अकरा महिन्यांनी बदलते. कोणत्या कंपनीची कोणती गोळी कुटू नये, हे अनुभवाने जमविलेले ज्ञान तिच्याबरोबर निघून जाते. आणि चूक झाली, तर ती सांगण्याची हिंमत तिला होत नाही, कारण तिचा पुढचा करार सांगण्या-न सांगण्यावर अवलंबून असतो. न सांगितलेली चूक दुसऱ्या दिवशी पुन्हा घडते. २००३ च्या त्या नोंदीत हेच दिसते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधांमुळे होणारी टाळता येण्याजोगी गंभीर हानी पाच वर्षांत निम्म्यावर आणण्याचा संकल्प जाहीर केला, आणि भारताने २०१८ मध्ये आपला रुग्णसुरक्षा आराखडा छापला. चूक नोंदविणाऱ्याला शिक्षा न होता चुकीपासून शिकावे, असे सूत्र रुग्णसुरक्षेच्या अशा प्रत्येक दस्तऐवजात असते. त्यानंतर न्याय संहिता आली आणि तिने परिचारिकेपुढे पाच वर्षे ठेवली. एकच सरकार एका हाताने ‘सांगा’ म्हणते आणि दुसऱ्या हाताने बेडी दाखविते, तेव्हा तिने काय करावे अशी अपेक्षा आहे?

कलम १०६ च्या स्पष्टीकरणात नोंदणीकृत परिचारिका, सुईणी आणि औषधनिर्माते यांचा समावेश व्हावा, ही मागणी संसदेत आणि परिचारिकांच्या प्रत्येक अधिवेशनात मांडली गेली पाहिजे. त्याबरोबरच वॉर्डात प्रशिक्षित औषधनिर्माता हवा. त्यासाठी फार्म.डी.चा अभ्यासक्रम २००८ पासून देशात चालू आहे. पदवीधर बाहेर पडतात आणि सरकारी इस्पितळात त्यांच्यासाठी पद नसते. केसपेपरवर ‘नळीतून’ हा शब्द आणि औषधाचे रूप लिहिण्याचे बंधन डॉक्टरवर असावे, आणि न कुटायच्या औषधांची यादी त्या त्या राज्याच्या भाषेत भिंतीवर असावी. दिल्लीच्या किंवा इंदूरच्या वॉर्डात केरळची, ओडिशाची, विदर्भाची मुलगी एकाच पाळीत काम करीत असते. तिला यादी वाचता आली पाहिजे.

आणि इस्पितळाच्या फाटकाबाहेरचा भाग राहतोच. तोंडाच्या कर्करोगाचा किंवा पक्षाघाताचा रुग्ण खाट रिकामी करायची म्हणून नळीसह घरी पाठविला जातो. तेथे बत्ता त्याच्या बायकोच्या, सुनेच्या किंवा मुलाच्या हाती येतो. डिस्चार्ज कार्डावर इंग्रजीत गोळ्यांची नावे असतात. यांपैकी कोणती कुटावी, किती पाणी सोडावे, अन्न केव्हा थांबवावे, नळी बंद पडली तर कोणाला गाठावे, यांतले काहीच नसते. निघताना घाईघाईत परिचारिका जे तोंडी सांगते तेवढेच. प्रत्येक औषध, त्याचे रूप, पाण्याचे माप आणि अडचणीच्या वेळी लावायचा फोन क्रमांक रुग्णाच्या घरच्या भाषेत लिहून दिल्याखेरीज नळीच्या रुग्णाला घरी पाठवू नये, असा आदेश काढण्यासाठी कोणत्याही राज्याच्या आरोग्य खात्याला अंदाजपत्रकाची वाट पाहावी लागत नाही.